सोनाराची शेगडी आणि सरकारचा कायदा

नवस्वतंत्र व अर्धविकसित देशांत सरकारचा कायदा आणि लहान कारागिराचा धंदा यांचें नातें कसें असतें, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मोठ्या विद्वत्तेनें चर्चिला जातो. आमच्या वाचकांस तो समजून घेण्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आजीच्या पेटींत जी मोहनमाळ आहे, ती घडविणाऱ्या सोनाराची हकीकत त्यास पुरेशी आहे.

ऑक्टोबर १९६२ मध्यें चीननें आक्रमण केलें. देशास परकीय चलनाची निकड लागली. चोरट्या मार्गानें येणाऱ्या सोन्याचें मोल त्याच चलनांत चुकतें होई. अर्थमंत्री श्री. मोरारजी देसाई यांनीं यावर जो उपाय योजिला तो असा: जानेवारी १९६३ मध्यें भारत संरक्षण कायद्याच्या आधारें सुवर्णनियंत्रणाचे नियम जारी झाले, आणि १४ कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने करण्यास मनाई झाली. सोन्याचा मोह सुटावा, मागणी घटावी, म्हणजे चोरटी आयात आपोआप थांबेल, हा त्यामागील तर्क. हेतूविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. परंतु नियम लिहिणाऱ्यांपैकीं कोणी सोनाराच्या शेगडीपाशीं घटकाभर बसला असता, तर पुढील अनर्थ त्याच्या ध्यानांत आला असता, असें मला वाटतें.

१४ कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनें, उरलेले दहा भाग तांबें, रुपें इत्यादि. असा धातु कडक होतो. तार बारीक ओढावी, पत्रा ठोकून पातळ करावा, तर तो पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावा लागतो. आपल्याकडील बोरमाळ, ठुशी, पुतळ्यांची माळ हीं कामें २२ कॅरटच्या मऊ सोन्यावर हात बसलेल्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या केलेलीं. नव्या धातूवर तो हात चालेना. शिवाय गिऱ्हाईकहि येईना. आपल्या घरांत दागिना ही केवळ हौस नसून तें स्त्रीधन आहे. अडीअडचणीला मोडीस घालण्याची ती ठेव आहे. तींत निम्म्याच्या जवळपास हीण घालावयास कोणती गृहिणी राजी होईल?

या नियमाचा घाव सर्वांस सारखा बसला नाहीं. ज्याची मोठी पेढी होती, भांडवल होतें, हिशेबनीस होता, त्यानें तो कसाबसा सोसला. परंतु गल्लींतला सोनार गिऱ्हाइकाचें सोनें घेऊन त्याच्या घडणावळीवर जगणारा. त्याची पुंजी म्हणजे ऐरण, हातोडी, फुंकणी आणि कसब. काम थांबलें त्या दिवशीं चूल थांबली. सोनारांच्या आत्महत्यांच्या वार्ता वृत्तपत्रांतून येऊं लागल्या. त्यांच्या पुनर्वसनाच्या योजना निघाल्या; पण तिशी-चाळिशी उलटलेल्या, वडिलोपार्जित कलेखेरीज दुसरें कांहीं न शिकलेल्या मनुष्यानें कोणता नवा धंदा धरावा, याचें उत्तर योजनेच्या कागदावर सहसा नसतें.

पुढें नियम सैल होत गेले आणि १९६६ मध्यें १४ कॅरटचें बंधन उठलें. तथापि सुटका नव्हती. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्यानें व्यापाऱ्यास परवाना, सोनारास प्रमाणपत्र व दोघांसहि हिशेबाच्या वह्या लावून दिल्या. खाजगी कुटुंबानें चार हजार ग्रॅमपर्यंत दागिने बाळगल्यास जाहीर करण्याचें कारण नव्हतें. आम्हां शाळामास्तरांस त्या कलमाची धास्ती कधींच वाटली नाहीं! १९६९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें कायदा ग्राह्य मानला, परंतु त्यांतील कांहीं कलमें रद्द केलीं. परवाना देतांना ‘अपेक्षित मागणी’, ‘अर्जदाराची योग्यता’ असल्या संदिग्ध कसोट्या लावणें न्यायालयास मान्य झालें नाहीं. लहान मनुष्यास कायद्याचें खरें भय असतें तें येथेंच. नियम कडक असला तरी तो पाळतां येतो. पण जो अधिकाऱ्याच्या मर्जीप्रमाणें ताणतो, तो पाळावा कसा? इकडे चोरटें सोनें समुद्रमार्गानें कोकण-दमणच्या किनाऱ्यास लागतच होतें. शेवटीं १९९० मध्यें आपले राजापूरचे खासदार, तत्कालीन अर्थमंत्री प्रा. मधु दंडवते यांच्या कारकीर्दींत हा कायदा रद्द झाला. मूळ नियमांस तोंवर सत्तावीस वर्षें झालीं होतीं.

आतां कोणी म्हणेल, सोनारावर मुळीं नियंत्रणच नको काय? तसें माझें म्हणणें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सोनारकामासाठीं स्वतंत्र अध्याय खर्ची घातला असून तराजू फसविण्यापासून सोनें चोरण्याच्या पांच युक्त्या त्यानें नांवनिशीवार सांगितल्या आहेत. गिऱ्हाइकाचें रक्षण हें राजाचें जुनें कर्तव्य आहे. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत शुद्धतेचा छाप सक्तीचा झाला, तो याच जातीचा नियम. कोणत्या शुद्धतेचें सोनें ल्यावें हें तो सांगत नाहीं, जें विकाल त्याची शुद्धता खरी सांगा एवढेंच म्हणतो. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आंत असणाऱ्यास त्यांतून वगळलें, हेंहि शहाणपणाचें. मात्र एक शंका राहते. छापाची संवय झालेली सून उद्यां बिनछापी डाग हातांत घेतांना बिचकेल आणि मोठ्या पेढीची पायरी चढेल. मग ज्या सवलतीनें लहान सोनारास वांचवावयाचें, तीच त्याला मागें ठेवील. ही सवलत तशीच ठेवून त्याच्या चार-दोन डागांची पारख थोड्या खर्चांत, त्याच्या गांवाजवळ करून देण्याची सोय झाली, तर त्याच्या मालावरहि तोच छाप उमटेल.