अंगठा दिला सिमसाठी

सिमकार्ड आधारला जोडायला दुकानात जाऊन अंगठा टेकवला होता, आठवतंय? २०१७ सालची गोष्ट. त्याच सुमारास गॅसची सबसिडी नेहमीच्या खात्यात येईना, म्हणून देशभर तक्रारी सुरू झाल्या. पैसे गेले कुठे? एअरटेल पेमेंट्स बँकेत. सिमसाठी दिलेल्या अंगठ्यावर ग्राहकांना धड न विचारता तिथे खाती उघडली गेली होती. सबसिडी आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, त्यामुळे तीही तिकडेच वळली. ३१ लाखांवर ग्राहकांचे सुमारे १९० कोटी रुपये होते ते.

डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने एअरटेलचा आधारवरून ओळख पटवण्याचा परवानाच रोखला. पैसे परत करणं भाग पडलं. मार्च २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला ५ कोटींचा दंडही केला. आम्हाला विचाराल तर दंडापेक्षा परवाना रोखणंच जास्त झोंबलं असणार. एवढ्या मोठ्या कंपनीला ५ कोटी म्हणजे किती?

यातली गोम एकच. संमती एका कामाची, वापर दुसऱ्याच कामाला. आता त्यासाठी वेगळा कायदा आहे, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. डेटा म्हणजे आपली माहिती: नाव, नंबर, फोटो, आधार. ती कशाला हवी हे कंपनीने आधी सांगायचं, आणि मागितलं तर मराठीतही सांगायचं. दिलेली संमती आपल्याला मागे घेता येते. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून दीड वर्ष आहे. शिवाय दंड जातो सरकारी तिजोरीत. जिची माहिती फुटली तिच्या हातात त्यातला रुपया येत नाही. ही उणीव आम्हाला खटकते.

तोवर हात बांधून बसायचं कारण नाही. बचत गटातल्या बऱ्याच जणी विचारतात ते मोबाईलवरच्या झटपट कर्जाचं. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय. तशी परवानगी मागणारं ॲप दिसलं की कर्ज घेऊच नका. नातेवाइकांना फोन करून बदनामीची धमकी आली तर १९३० ला फोन लावा. दुकानदार नंबर दिल्याशिवाय बिल करत नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. नंबरसाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं आहे.

आणि नागाव, काशीद, दिवेआगरला घरगुती खोल्या देणाऱ्या मैत्रिणींनो, पाहुण्यांच्या आधारचे फोटो तुमच्याही फोनमध्ये साठलेत ना? धंद्यासाठी घेतलेली माहिती ती, घरगुती म्हणून सुटत नाही. शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार मिळतं, ते चालत असेल तर तेच मागा. नोंद पुरी झाली आणि काम संपलं की फोटो पुसून टाका. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.