‘ब्रिंग अप’ : वाढवणं, काढणं की ओकणं?

आपल्या इंग्रजीच्या तासाला आम्ही एरवी एक शब्द घेतो. आज दोन शब्दांची जोडी घेतोय, आणि तीही एका आजींमुळे.

या आजी आमच्या जुन्या श्रोत्या. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या इंग्लंडला जाऊन आल्या. तिकडे बाळ जन्मल्यावर काही दिवसांनी ‘हेल्थ व्हिजिटर’ म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतली नर्स घरी येते, बाळाची चौकशी करते. आपल्याकडे आशाताई येतात तसंच म्हणा ना. त्या दिवशी सून अंघोळीला गेलेली, मुलगा कामावर, आणि आजी बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या. नर्सनं विचारलं, “इज ही ब्रिंगिंग अप हिज मिल्क?” आजींना ‘मिल्क’ कळलं, ‘अप’ही कळलं. अप म्हणजे वर. दूध वर, म्हणजे बाळाचं दूध पिणं वाढलंय का, असा त्यांनी अर्थ लावला आणि कौतुकानं सांगून टाकलं, “येस, येस! एव्हरी टाइम! व्हेरी मच!”

नर्सचा चेहरा एकदम बदलला. ती भराभरा विचारायला लागली. “इज इट ग्रीन?” आता दूध कधी हिरवं असतं का? आजी गप्प. तेवढ्यात सून बाहेर आली आणि उलगडा झाला. बाळ प्यायलेलं दूध ओकतंय का, असं ती विचारत होती. तान्ह्या बाळाची उलटी हिरवी असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. मग थांबायचं नसतं, लगेच दवाखाना गाठायचा असतो. म्हणून तिची ती घाई.

आजी हसत हसत सांगत होत्या, आम्हीही हसलो. पण नंतर आमच्या मनात आलं, उलट झालं असतं तर? बाळ खरंच दर वेळी ओकतंय, आणि त्याचं पिणं काही वाढलेलं नाही म्हणून आजी “नो, नो” म्हणाल्या असत्या, तर ती नर्स निश्चिंत होऊन निघून गेली असती.

आता यात आजींची चूक किती? आमच्या मते फारशी नाही. ‘ब्रिंग’ म्हणजे आणणं, ‘अप’ म्हणजे वर. दोन्ही शब्द पहिल्या पुस्तकातले. पण ते जोडीनं आले की नुसती बेरीज करून भागत नाही. कधी बेरीज बरोबरही येते. तळमजल्यावरून कोणी हाक मारून विचारलं, “शॅल आय ब्रिंग अप द सिलिंडर?” तर तो सिलिंडर वर आणू का, एवढंच विचारतोय. बाकी ठिकाणी मात्र पुढे काय आलंय ते बघायचं. मूल आलंय, विषय आलाय की दूध आलंय? त्यावर अर्थ ठरतो.

हे आपल्याला नवीन नाही. आपलं ‘काढणं’ घ्या. आपण गाईचं दूध काढतो, रांगोळी काढतो, फोटो काढतो, बँकेतून कर्ज काढतो आणि कठीण दिवसही काढतो. परक्या माणसाला हे शिकवायचं म्हटलं तर तो डोकं धरून बसेल. आपल्याला कधी अडत नाही, कारण आपण ‘काढणं’ एकटं ऐकतच नाही, काय काढलं तेही सोबत ऐकतो. ‘ब्रिंग अप’ तसंच ऐकायचं.

पुस्तकात पहिला अर्थ मिळतो तो मूल वाढवण्याचा. “शी ब्रॉट अप थ्री चिल्ड्रन अलोन.” तिनं एकटीनं तीन मुलं वाढवली. “आय वॉज ब्रॉट अप इन सांगली.” मी सांगलीत लहानाची मोठी झाले. यात नुसतं खाऊपिऊ घालणं येत नाही, वळण लावणंही येतं. म्हणून ‘वेल ब्रॉट अप’ म्हणजे चांगल्या वळणाचं मूल, आणि ‘अपब्रिंगिंग’ म्हणजे संगोपन. अमेरिकेत याच अर्थी ‘रेझ’ जास्त चालतं. शेळ्या पाळण्यालाही ‘रेझ’ म्हणतात, पण शेळ्यांना ‘ब्रिंग अप’ म्हणत नाहीत. ते माणसाच्या लेकरांसाठी.

इथे दोन चुका आम्ही वारंवार ऐकतो. एक म्हणजे “आय ग्रू अप माय चिल्ड्रन.” ‘ग्रो अप’ म्हणजे स्वतः वाढणं, ‘ब्रिंग अप’ म्हणजे दुसऱ्याला वाढवणं. मूल वाढतं, आई वाढवते, एवढा फरक धरून ठेवला की चुकत नाही. दुसरी चूक ऐकून तर आमच्या स्टुडिओत हशा पिकला होता. ‘ब्रिंग’चा भूतकाळ ‘ब्रॉट’, त्यात र आहे. र गिळला की ‘बॉट’ होतं, म्हणजे विकत घेतलं. आणि ‘बॉट अप’ म्हणजे दुकानातला सगळा माल उचलणं. “आय बॉट अप माय चिल्ड्रन” म्हणालात तर समोरच्याला वाटेल, बाईंनी बाजारातली सगळी मुलं खरेदी केली!

दुसरा अर्थ विषय काढण्याचा, आणि आमच्या मते बायकांना सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच. आमच्यापैकी एकीची मुलगी इंग्रजी शाळेत आहे. पालकसभेत बाईंनी विचारलं, “डू यू वॉन्ट टू ब्रिंग अप एनीथिंग?” हिला वाटलं, काही आणायचं होतं की काय! ती घाईनं म्हणाली, “नो मॅडम, आय डिडन्ट ब्रिंग.” बाईंनी मान हलवली आणि पुढच्या पालकांकडे वळल्या. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, हे सांगायलाच ती अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून गेली होती. बाईंनी तर तिला बोलायचीच संधी दिली होती! तिथे म्हणायचं, “येस, आय वॉन्ट टू ब्रिंग अप वन थिंग.” की झाली सुरुवात. पुढे मराठीत बोललात तरी हरकत नाही.

या वाक्यात ‘अबाउट’ घुसडायचं नाही. “ब्रिंग अप द वॉटर प्रॉब्लेम” एवढं पुरे. आणि ‘इट’, ‘हिम’, ‘हर’ असे छोटे शब्द आले की ते मधे बसवायचे. “ब्रिंग इट अप” बरोबर, “ब्रिंग अप इट” चूक. घरातलं कोणी वैतागून “व्हाय डू यू ब्रिंग इट अप नाऊ?” म्हणालं, तर ते आपलं ‘आता कशाला उकरून काढतेस?’ झालं. शब्द तेच, फक्त सूर बदलला.

तिसरा अर्थ आजींचा. पोटातलं किंवा छातीतलं तोंडावाटे बाहेर येणं. बाळ दूध ओकतं तेही ‘ब्रिंग अप’, आणि दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढतो तेही “ब्रिंग अप विंड”. खोकल्यासाठी गेलात आणि डॉक्टरांनी विचारलं, “आर यू ब्रिंगिंग अप एनी स्प्युटम?” तर बेडका पडतो का, असं ते विचारतायत. ‘ब्लड’ शब्द आला तर रक्त पडतं का. दवाखान्यात अंदाजानं ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणू नका. “आय डिडन्ट अंडरस्टँड, प्लीज यूज अनदर वर्ड,” म्हणा. मग ते ‘व्हॉमिट’ म्हणतील, ‘कफ’ म्हणतील, हातानं दाखवतील. आणि लेकीकडे किंवा सुनेकडे इंग्लंडला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत दुभाषा मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत. “आय नीड अ मराठी इंटरप्रिटर,” हे वाक्य पाठ करून जा.

एक अर्थ अलीकडचा, संगणकाचा. बँकेतला मुलगा “आय विल ब्रिंग अप युवर अकाउंट” म्हणाला तर तो तुमचं खातं पडद्यावर उघडतोय, तुम्ही खुर्चीवर बसून राहा.

आजींना आम्ही विचारलं, आता नर्स आली तर काय सांगाल? त्या म्हणाल्या, “आता काय सांगायचं? नातू वरणभात खातो, ओकत नाही. हं, पण ब्रिंगिंग अप जोरात चाललंय!”

पुढच्या आठवड्यात ‘पुट ऑफ’ घेऊ. तोवर नमस्कार.