चरबीच्या जागी मोह

पालघर जिल्ह्यात मनोरहून विक्रमगडच्या किंवा वाड्याच्या रस्त्याला लागलं की शेताच्या बांधावर, पाड्याच्या तोंडाशी मोहाची झाडं भेटतात. मार्च-एप्रिलमध्ये फुलं पडतात, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. पाऊस सुरू होता होता पिकणाऱ्या फळांची मात्र फारशी कुणी विचारपूस करत नाही. त्या फळात चकचकीत तपकिरी बिया असतात आणि त्या बियांच्या गरात निम्म्याच्या आसपास तेल असतं. घरी साबण करू पाहणाऱ्याने आधी त्या तेलाकडे बघावं, असं माझं ठाम मत आहे.

युरोप-अमेरिकेत घरगुती साबणाची जुनी परंपरा गाईबैलांच्या चरबीची. जनावर कापलं की चरबी बारीक चिरायची, मिठाच्या पाण्यात मंद आचेवर वितळवायची, गाळायची आणि निवल्यावर वर आलेली पांढरी वडी उचलून घ्यायची. मिठाने वास आणि मळ बराच निघतो. तरी दोनदा-तीनदा तेच करावं लागतं. ही खटपट लोक करत आले, कारण चरबीचा साबण कडक होतो, पाण्यात लवकर झिजत नाही आणि त्वचेला बोचत नाही. चरबीतली पामिटिक आणि स्टिअरिक आम्लं वडीला कडकपणा देतात, तर ओलेइक आम्ल तिला सौम्य ठेवतं. चरबीत ही आम्लं असतात आणि साबण त्यांच्यापासूनच बनतो, हे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडून 1823 मध्ये ग्रंथरूपाने मांडलं.

महाराष्ट्रात ही वाट बंद आहे. गोहत्येवर बंदी होतीच. मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्या कायद्याखाली आले. त्याआधी 1983 मध्ये वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि परदेशी चरबीची आयात थांबवण्यात आली. कायद्याच्या आधीपासूनच इथल्या असंख्य घरांना अशा साबणाचं वावडं होतं. अर्देशीर गोदरेज यांनी 1918 च्या सुमारास ‘चावी’ हा निव्वळ वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, तो याच भावनेची कदर करून. स्वदेशीच्या त्या काळात ती मोठी गोष्ट होती. आजही वेष्टनावर ‘सोडियम टॅलोएट’ असं छापलेलं दिसलं तर आत प्राण्याची चरबी आहे असं समजावं. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पामतेल.

आता मोहतेलाकडे येऊ. रसायनशाळेत मोजलं तर त्यात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा पामिटिक, जवळपास तेवढंच स्टिअरिक आणि चाळीस टक्क्यांच्या वर ओलेइक आम्ल सापडतं. गाईच्या चरबीचे आकडे याच्या अगदी शेजारी बसतात. झाडाच्या बीमध्ये एवढं स्टिअरिक आम्ल असणं ही सामान्य गोष्ट नाही. शेंगदाणा, तीळ, करडई यांत ते फार थोडं असतं. म्हणूनच थंडीच्या दिवसांत मोहतेल बाटलीतल्या बाटलीत थिजतं. परदेशी माणसाने ज्या गुणांसाठी चरबी वापरली, ते गुण इथे झाडावर लागतात.

वारली, कोकणा, मल्हार कोळी घरांना हे तेल नवं नाही. बिया फोडायच्या, गर उन्हात वाळवायचा, कांडायचा, वाफवायचा आणि दाबून तेल काढायचं. ते स्वयंपाकाला चालायचं, दिव्याला चालायचं, अंगालाही लावायचं. उरलेल्या पेंडीत सॅपोनिन असतं. ते पाण्यात फेसाळतं, म्हणून पेंड केस धुवायला वापरतात आणि ओढ्यात मासे गुंगवायलाही. साबण न करताच फेस देणारं असं हे झाड आहे.

कृती सांगतो. 700 ग्रॅम मोहतेल, 300 ग्रॅम खोबरेल, 140 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि 320 ग्रॅम पाणी. सगळं काट्यावर तोलून घ्यायचं, वाटीच्या मापाने नाही. खोबरेल फेसासाठी. एवढ्या सोड्यात थोडं तेल साबण न होता मागे राहतं, आणि तेच कातडीला जपतं. मटणवाल्याकडून बोकडाची चरबी आणून मोहाऐवजी घातली, तरी सोड्याचं हेच माप चालतं.

सोडा पाण्यात घालायचा. पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. मिश्रण क्षणात हात भाजेल इतकं तापतं. हातमोजे, चष्मा आणि उघडी हवा हवीच, मुलं लांब हवीत. जर्मनचं पातेलं अजिबात वापरू नये: सोडा ॲल्युमिनियम खातो आणि पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. स्टील चालतं. तेल आणि सोड्याचं पाणी दोन्ही कोमट असताना ते पाणी तेलात धार धरून ओतायचं आणि ढवळत राहायचं. मिश्रण पिठल्याइतकं दाट झालं, वरून पडलेली धार क्षणभर रेघ होऊन टिकली, की साच्यात ओतायचं. दुसऱ्या दिवशी, अजून मऊ वाटलं तर आणखी एका दिवसाने, वड्या कापायच्या. तेव्हाही मोजे असू द्यावेत.

पुढचे चार ते सहा आठवडे वड्या वाऱ्यावर वाळायला ठेवायच्या, आणि इथे पालघरची हवा आडवी येते. साबणातलं ग्लिसरीन दमट हवेतून पाणी ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात वड्यांना घाम सुटतो. बिया जून-जुलैत हाती येतात, पण साबणाला दिवाळीनंतरची कोरडी हवा मानवते. तोवर गर नीट वाळवून ठेवावा. ओला राहिला तर बुरशी धरते आणि तेल खवट होतं. मोहाच्या साबणाचा रंग पिवळट येतो, वासही थोडा उग्र असतो. तो झाकायला सुगंध ओतू नयेत, असं मला वाटतं.

मोहाच्या बिया केंद्राच्या गौण वनोपजांच्या हमीभाव यादीत पहिल्यापासून आहेत. अखाद्य तेलं आणि साबण हा खादी ग्रामोद्योगाचा जुना विषय आहे. कॉस्टिक सोडा तारापूरच्या कारखानदारीला रोजचाच. तरीही बी कच्चंच विकलं जातं आणि साबण दुकानातून येतो, हे मला खटकतं. मनोर परिसरातल्या महिला बचत गटांनी हे काम हाती घ्यावं. घरच्या वापरापुरतं ते उद्यापासूनही करता येईल. विक्री करायची असेल तर अंगाचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात मोडतो, आणि त्यासाठी अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना आधी काढावा लागतो.