तलावांच्या मुलखात जीवरक्षकाचे शास्त्र
भंडारा हा तलावांचा जिल्हा असून, साकोली तालुक्यातील सानगडीच्या परिसरात मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेले सिंचन तलाव, विखुरलेले असल्याने जलतरण तलावावरील जीवरक्षकाचे शास्त्र येथेही तितकेच मोलाचे आहे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण तोंड क्षणभर पाण्याबाहेर येते तेव्हा जेमतेम श्वासच घेता येतो. ही मूक धडपड साधारण २० ते ६० सेकंद टिकते, म्हणून जीवरक्षकाने आपला विभाग १० सेकंदांत न्याहाळावा आणि पुढील २० सेकंदांत संकटग्रस्तापर्यंत पोहोचावे, असा ‘१०-२० नियम’ शिकवला जातो. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी जीवरक्षणाचे प्रशिक्षण देते. उत्तम पोहणे म्हणजे जीवरक्षण नव्हे. आधी काठी पुढे करावी, मग दोर किंवा तरंगती वस्तू फेकावी आणि उडी अखेरीस घ्यावी, हा क्रम अधिक महत्त्वाचा होय. बाहेर काढलेल्या व्यक्तीचा श्वास थांबला असल्यास प्रशिक्षिताने प्रथम ५ कृत्रिम श्वास द्यावेत आणि नंतर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबताना दर ३० दाबांमागे २ श्वास द्यावेत. पोट दाबून पाणी काढण्याचा रूढ प्रकार मात्र घातक आहे, कारण त्यामुळे उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते.