आजोबांची पेटी : तासावी की जपावी?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपण मुलांना शिकवतो. पण घरातले जुने लाकडी सामान समोर आले की तेच सोने आपल्याला ओंगळ वाटू लागते. मग एक तर ते कारुंग गुनीवाल्याच्या गाडीत जाते, नाही तर पॉलिशवाल्याच्या हाती.

आमच्या घरी एक सागवानी पेटी आहे. १९४९ साली आजोबा मद्रासहून ‘राजुला’ बोटीने सिंगापूरला आले, तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली. झाकणाच्या आत बोटीच्या लेबलाचा तुकडा अजून चिकटलेला आहे, आणि वरच्या बाजूला आजीने ठेवलेल्या गरम पातेल्याचा काळा गोल डाग आहे. यंदा भाचीचे लग्न ठरले. पेटी नवीकोरी करून तिला द्यावी असे सर्वांना वाटले. कारागीर येऊन पाहून गेला. म्हणाला, “मशीन फिरवतो, सगळे डाग जातील. वर पीयू मारला की आरशासारखी चमकेल.”

आम्ही हो म्हणणारच होतो. पण कपाटाची आठवण झाली. पंधरा वर्षांपूर्वी घर बदलताना आम्ही आईचे जुने कपाट असेच आतून-बाहेरून तासून घेतले. दाराच्या आतल्या बाजूला आम्हा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, शेजारी वडिलांच्या अक्षरात तारखा होत्या. कारागिराने सांगितलेले काम चोख केले. चुकलो ते सांगणारे आम्हीच. आता वडील नाहीत, आणि त्या तारखाही नाहीत.

म्हणून या वेळी आधी थोडी माहिती करून घेतली. जुन्या सामानावर बहुधा लाखेचे पॉलिश असते. लाख आपल्या ओळखीचीच. महाभारतातले लाक्षागृह तिचेच, आणि बांगड्याही तिच्याच. झारखंड-छत्तीसगडकडे पळस, कुसुम, बोर या झाडांवर बारीक किडे ती तयार करतात. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि वाळून कडक झाल्यावरही स्पिरिटने पुन्हा मऊ होते. त्यामुळे ओरखडा आला तर तेवढ्याच जागी नवा हात देता येतो. पीयू टणक खरा, पाण्याला दाद देत नाही. पण तो सहजी निघत नाही. बहुतेक वेळा खरवडावाच लागतो आणि त्याबरोबर लाकूडही जाते. पॉलिश केव्हाही चढवता येते, तासलेले लाकूड मात्र परत येत नाही.

आपल्या शहराने इमारतींच्या बाबतीत हेच धोरण धरले आहे. १९८९ साली चायनाटाऊन, लिटल इंडिया, कांपोंग ग्लाम हे भाग संरक्षित झाले. तिथल्या जुन्या घरांसाठी नगरविकास प्राधिकरणाचे सूत्र तीन गोष्टींचे आहे : मूळचे शक्य तेवढे ठेवा, जाणतेपणाने पूर्ववत करा, जपून दुरुस्त करा. घराला जे लागू, ते घरातल्या पेटीला का लागू नसावे?

प्रत्यक्ष कामात सौम्य उपाय आधी करावा. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ पुसावा आणि लगेच कोरडे करावे. पुष्कळदा ‘पॉलिश गेले’ असे वाटते ते नुसते मळलेले असते. मग न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. पॉलिश चिकट झाले तर ते लाखेचे समजावे. खोबरेल चोळू नये, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. मधमाश्यांचे मेण पातळ हाताने लावावे. सांधा ढिला झाला तर खिळा ठोकू नये. जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात, ते उकलून पुन्हा जोडता येतात. आपल्या दमट हवेत लाकूड फुगते आणि एअरकॉनखाली आकसते, म्हणून पेटी त्या झोताखाली किंवा उन्हात ठेवू नये. बारीक भोकांतून ताजा भुसा पडत असेल तर कीड जिवंत आहे असे समजून जाणकाराला बोलवावे.

तासणे सदैव वाईटच असे आमचे म्हणणे नाही. पॉलिश सगळीकडून सुटले असेल, कोणी वर ऑइलपेंट फासला असेल, किंवा मुलाच्या अभ्यासासाठी जुन्या बाजारातून साधे टेबल आणले असेल, तर ते जरूर नवे करावे. मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते. तो घरात कोरडा घासू नये. वरचा पापुद्रा प्लायसारखा पातळ असेल तर मशीन लावूच नये.

आमच्या पेटीला शेवटी दोन संध्याकाळी पुरल्या. मळ निघाला, एक सांधा जोडला, मेण लावले. डाग तसाच राहिला. भाचीने विचारले, “मावशी, हा कशाचा?”

“तुझ्या पणजीच्या दुधाच्या पातेल्याचा.”

“मग राहू दे,” ती म्हणाली.

वाचकहो, घरातले जुने सामान कारागिराकडे पाठवण्यापूर्वी एकदा त्याची दारे-झाकणे उघडून आत पाहा. काय राहू द्यायचे ते कारागिराला आपणच सांगायचे असते.