खर्च वाढला आणि रोकडही वाढली

इन्व्हेस्टमेंट बँकिंग किंवा इक्विटी रिसर्चच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: घसारा 100 रुपयांनी वाढला, तर कंपनीच्या तिन्ही पत्रकांत काय काय बदलेल? प्रश्न एका ओळीचा, पण अख्खं हिशेबशास्त्र त्यात मावलेलं आहे.

कर 25 टक्के धरू. नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा 100 ने घटला, कर 25 ने वाचला, निव्वळ नफा 75 ने खाली आला. आता रोख प्रवाह पत्रक. घसारा हा नुसता कागदावरचा खर्च. यंत्राचे पैसे ते घेतलं तेव्हाच देऊन झालेले. म्हणून उणे 75 मध्ये 100 परत मिळवायचे. हाती आले अधिक 25. खर्च वाढला आणि तिजोरीतली रोकडही वाढली! ताळेबंदात रोकड 25 ने वर, यंत्रांची किंमत 100 ने खाली, म्हणजे मालमत्ता 75 ने कमी. समोरच्या बाजूला संचित नफाही बरोब्बर 75 ने कमी.

गंमत इथेच संपत नाही. आपल्याकडे कंपनी कायद्याचा घसारा वेगळा आणि प्राप्तिकराचा वेगळा. फक्त पुस्तकातला घसारा वाढवला, तर त्या वर्षी भरायचा कर बदलतच नाही, रोकड जागच्या जागी राहते. मग ते 25 गेले कुठे? स्थगित कराच्या खात्यात. बेरीज पुन्हा तीच, उणे 75. हा बारकावा आपणहून सांगणारा उमेदवार मला तरी सर्वांत तयार वाटतो.

या जुळणीमागची दुहेरी नोंदीची पद्धत व्हेनिसचे व्यापारी आधीपासून वापरत होते. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने 1494 मध्ये ती छापून जगापुढे ठेवली. त्याच ग्रंथात 72 चा नियमही आहे: 72 ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. 8 टक्क्यांनी 9 वर्षं. पाचशेहून अधिक वर्षांनंतरही मुलाखतीतल्या तोंडी हिशेबाला तो उपयोगी पडतो.

केस स्टडीत बहुधा कंपनीचं मूल्य काढायचं असतं. जवळच्या काही वर्षांचे अंदाज मांडायचे आणि त्यापुढचा सगळा काळ एका भागाकारात बसवायचा: पुढच्या वर्षीची रोकड भागिले परताव्याचा दर वजा वाढीचा दर. रोकड 100 कोटी, परतावा 10 टक्के, वाढ 4 टक्के, तर उत्तर सुमारे 1,667 कोटी. वाढ 5 टक्के धरा, लगेच 2,000 कोटी. एका टक्क्याने पाचवा हिस्सा वाढला! म्हणून परीक्षक एक्सेलच्या सफाईपेक्षा ‘4 च का?’ हे खोदून विचारतात. अर्थव्यवस्थेपेक्षा कायम वेगाने वाढणारी कंपनी एक दिवस अर्थव्यवस्थेहून मोठी व्हायला हवी, आणि ते अशक्य आहे.

तयारी करत असाल तर प्रश्नोत्तरं पाठ करू नका. ओळखीच्या एखाद्या सूचिबद्ध कंपनीचा वार्षिक अहवाल घ्या आणि तिन्ही पत्रकं कागदावर स्वतः जुळवून पाहा. अहवाल शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो.