जनावरांच्या डोळ्यांतील आतील दाह : ओळख व उपचार

मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांची तेथे मोठी खरेदी-विक्री होते. घोडा घेणारा मनुष्य त्याचे दात, खूर आणि चाल बारकाईने पाहतो. डोळा मात्र बहुधा ओझरता पाहिला जातो. काही महिन्यांनी त्या डोळ्यातून पाणी वाहू लागते, डोळा मिटलेला राहतो, पुन्हा बरा दिसतो, पुन्हा लाल होतो आणि अखेर जनावर आंधळे होते. घोड्यांमधील अंधत्वाचे जगभर आढळणारे सर्वांत मोठे कारण हेच वारंवार उद्भवणारे अंतर्दाहाचे दुखणे आहे. चंद्राच्या कलांप्रमाणे ते उलटते, अशी पूर्वी युरोपात समजूत होती. त्यात तथ्य नाही.

आतील दाह म्हणजे काय?

डोळा येणे हा वरच्या आवरणाचा विकार होय. त्यात पापण्यांची आतील बाजू लाल होते व चिपडे येतात. परंतु बाहुली स्वच्छ राहते. आतील दाहात मात्र बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा आणि त्यामागील रक्तवाहिन्यांनी भरलेला थर सुजतो. डोळ्यातील स्वच्छ पाणी गढूळ होते, पडदा मागच्या भिंगाला चिकटतो, भिंगावर मोतीबिंदू येतो आणि दृष्टी जाते.

घोड्यांतील या विकाराचा लेप्टोस्पायरा नावाच्या जंतूंशी निकटचा संबंध आढळला आहे. हे जंतू उंदीर, गुरे इत्यादींच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात व ओल्या मातीत येतात. याखेरीज काटा, चाबूक किंवा तुरीचे व कापसाचे खुंट लागूनही आतील दाह होतो. लहान वासरांत नाळ सडून रक्तात विष पसरल्यास दोन्ही डोळ्यांत पू साचू शकतो. लाल कंधारी व देवणी या येथील नामांकित जातींच्या वासरांची नाळ जन्मताच टिंक्चर आयोडीनने निर्जंतुक करावी आणि त्यांस चीक लवकर पाजावा.

ओळखण्याच्या खुणा

जनावर सावलीत आणावे आणि दोन्ही डोळ्यांची तुलना करावी. पुढील खुणा असल्यास आतील दाहाची शंका घ्यावी :

१. डोळा अर्धवट मिटलेला असतो व उजेड सहन होत नाही.
२. डोळ्यातून पाणी वाहते, परंतु चिपडे फारसे नसतात.
३. बाहुली लहान होते व अंधारातही मोठी होत नाही.
४. डोळ्याचा पुढील भाग निळसर धुरकट दिसतो. तळाशी पांढुरका गाळ साचलेला दिसतो.
५. डोळा किंचित मऊ लागतो.

घोड्याच्या बाहुलीच्या वरच्या कडेस काळसर गाठींसारखे उंचवटे असतात. ते स्वाभाविक असून रोग नव्हे. उलट बाहुलीची कड वेडीवाकडी असणे, भिंगावर पांढरा डाग असणे, डोळा लहान झालेला व खोल गेलेला असणे किंवा वरच्या पापणीची घडी मोडल्यासारखी दिसणे ही जुन्या दाहाची चिन्हे होत. यात्रेत खरेदी करण्यापूर्वी एका डोळ्यावर फडके बांधून जनावर अडथळ्यांतून चालवावे, मग दुसरा डोळा बांधून तसेच करावे. विक्रेता धूळ गेल्याचे सांगेल. परंतु डोळ्याच्या आत गढूळपणा असेल तर तो धुळीचा नव्हे.

घोड्यांत कधी कधी डोळ्याच्या पुढील कप्प्यात पांढरा, दोऱ्यासारखा जंत वळवळताना दिसतो. डासांमार्फत आलेला हा जंतही आतील दाह करतो. तो पशुवैद्यकाने शस्त्रक्रियेने काढावा लागतो. औषध देऊन तो आतच मारल्यास दाह वाढतो.

उपचार

हा रोग तातडीचा आहे. एका दिवसाचा उशीरही दृष्टीस घातक ठरू शकतो. पशुवैद्यक प्रथम नारिंगी-पिवळे रंगद्रव्य घालून बाहेरील आवरणावर जखम आहे काय ते पाहतात. जखम असल्यास ती हिरवी दिसते. जखम नसेल तरच स्टेरॉइडचे थेंब वा मलम वापरतात. जखमेवर स्टेरॉइड घातल्यास डोळा फुटण्याचा धोका असतो. म्हणून घरात उरलेले मलम तपासणीशिवाय कधीही घालू नये.

पडदा भिंगाला चिकटू नये म्हणून अॅट्रोपीनने बाहुली मोठी करतात. त्यानंतर काही दिवस जनावर अंधाऱ्या गोठ्यात ठेवावे, उन्हात नेऊ नये. अॅट्रोपीनमुळे आतड्यांची हालचाल मंदावून घोड्यास पोटशूळ होऊ शकतो. तेव्हा लीद नियमित पडते की नाही हे पाहावे. वेदना व सूज कमी करणारे औषध पशुवैद्यक इंजेक्शनद्वारे किंवा तोंडावाटे देतात. लक्षणे गेल्यावरही किमान दोन आठवडे, पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे, उपचार सावकाश कमी करीत न्यावा. मध्येच सोडल्यास रोग उलटतो.

डोळ्यात मीठ, तंबाखूचे पाणी किंवा राख घालणे आणि डोळ्याभोवती डागणी देणे या प्रथा पूर्णपणे बंद कराव्यात. त्यामुळे आधीच दुखावलेला डोळा निकामी होतो.

प्रतिबंध व मदत

उंदरांचा बंदोबस्त करावा, गोठ्याभोवती पाणी साचू देऊ नये, पिण्याचे पाणी स्वच्छ ठेवावे आणि माश्यांपासून डोळे जपावेत. लेप्टोस्पायरा माणसासही बाधतो. म्हणून मूत्राने भिजलेल्या जागी अनवाणी व जखमी हातापायांनी काम करू नये आणि काम संपल्यावर हात-पाय धुवावेत.

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. कठीण प्रसंगी उदगीर व परभणी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांत जनावर नेता येते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मेंढपाळांची तट्टे, टांग्याची घोडी आणि नांगराचे बैल पाहताना डोळ्यावरही उजेड टाकून पाहावा. जनावर आपले दुखणे बोलून सांगत नाही. आंधळ्या बैलाची जोडी मोडते आणि आंधळ्या घोड्यास कोणी विचारीत नाही. तेव्हा अर्धा मिटलेला डोळा हीच त्याची हाक समजून त्याच दिवशी धावून जाणे श्रेयस्कर होय.